उजवा कौल

१२ जानेवारी, सोमवार

समोरच्या टॉवरमधल्या एका साहेबांनी ही डायरी दिली. मुलीला परदेशात प्रवेश मिळाला, म्हणजे कौल खरा ठरला, म्हणून नाथाला पेढे आणि गुरवाला डायरी. आता गुरवानं डायरीत काय लिहायचं? पहाटे उठलो, भैरवनाथाला आंघोळ घातली, नैवेद्य दाखवला. उद्याही तेच. गाव महापालिकेत गेलं, शेतं गेली, पण नाथाचा दिनक्रम काही बदलला नाही. तरी कोरी पानं बघवत नाहीत म्हणून पेन घेऊन बसलो होतो, तेवढ्यात शंभूचा फोन आला.

शंभू माझा धाकटा भाऊ. खडकीच्या फॅक्टरीत आहे, तिथंच क्वार्टर्समध्ये राहतो. गेलं वर्षभर डायलिसिसवर आहे. आज डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, की शरीर आता फार दिवस ओढणार नाही, किडनी बदलणं हाच उपाय. रत्नाची, म्हणजे त्याच्या बायकोची, चालत नाही. तिला साखर आहे. आई-आबा केव्हाच गेले. एवढं सगळं त्यानं पेपरातली बातमी वाचून दाखवावी तसं सांगितलं. मी म्हणालो, "नाथाला विचारतो."

तो म्हणाला, "हो दादा, विचार." दुसरं काय म्हणणार? गुरवाच्या घरात दुसऱ्या कुणाला विचारायची रीतच नाही.

१८ जानेवारी, रविवार

कौल म्हणजे काय ते टॉवरवाल्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं, तर एकदा इथंच लिहून टाकतो. झेंडूच्या दोन पाकळ्या भिजवायच्या. नाथाच्या छातीवर एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवायची. प्रश्न मोठ्यानं सांगायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि त्याआधी समई मधोमध आणायची. एरवी ती नाथाच्या उजव्या अंगाला असते, तिच्या धगीनं त्या बाजूची पाकळी लवकर सुकून सुटते. हे मात्र टॉवरवाल्यांना सांगत नाही. आम्हा दोघा भावांना आबांनी लहानपणीच सांगितलं होतं, की नाथाला आपल्या मदतीची गरज नाही, समई मधे घेत जा.

आज दुपारी देऊळ रिकामं बघून समई मधे घेतली, पाकळ्या लावल्या आणि विचारलं, शंभूला किडनी देऊ का? शब्द पुरता तोंडाबाहेर पडला नाही तोच उजवी पडली.

एवढ्या लवकर कौल पडत नसतो. पाकळी नीट भिजली नसणार. फुलंही शिळी होती, मंडईवाले हल्ली काहीही गळ्यात मारतात. असला कौल धरण्यात अर्थ नाही. विजयमालाला काही बोललो नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

विजयमालाला शंभूच्या फोनचं सांगितलं. आधी रडली, मग भांडी आदळली, मग माझ्यासमोर येऊन बसली. "आपल्याला ना मूल ना बाळ. तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या दारात उभी राहू?" म्हणाली. मी म्हणालो, डॉक्टर सांगतात एका किडनीवर माणूस सत्तर-ऐंशी वर्षं जगतो. ती म्हणाली, डॉक्टरांना सांगायला काय जातं, त्यांची थोडीच कापायचीय. खरं सांगायचं तर ती बोलली ते बरं वाटलं.

भीती वाटते. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. दिवसभर पायरीवर बसून लोकांना सांगतो, नाथावर सोडा, तो बघून घेईल. आणि स्वतःच्या कुशीत सुरी जायची म्हटलं की झोप उडते. आंघोळ करताना हात तिथंच जातो. इतकी वर्षं तिथं काही आहे याची आठवणही नव्हती.

२९ जानेवारी, गुरुवार

तपासण्यांना जाणं भाग होतं. न गेलो असतो तर चारचौघांत काय तोंड दाखवलं असतं? आणि तपासणी केली म्हणजे काही दिली असं होत नाही.

मनातून वाटत होतं, जुळू नये. सगळं जुळलं. रक्तगट, आणखी कसकसलं, सगळं. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावांमध्येसुद्धा इतकं छान क्वचित जुळतं. रत्नानं तिथल्या तिथं मला वाकून नमस्कार केला. लोक बघत होते.

मग एका बाईंनी मला एकट्याला खोलीत बसवलं. समुपदेशक म्हणे. दरवाजा लावून शांतपणे म्हणाल्या, "कुणाचा दबाव आहे का? तुमची इच्छा नसेल तर मला सांगा. आम्ही घरच्यांना फक्त इतकंच सांगू, की तुमची किडनी घेता येत नाही. कारण कुणालाही कळणार नाही."

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना सुनावलं, की बाई, मी भैरवनाथाचा गुरव आहे, खोट्याच्या आड लपणारा माणूस नाही. नाथ सांगेल तसं करीन. त्या म्हणाल्या, ठीक आहे, विचार करा. घरी येईपर्यंत राग गेला नव्हता. सरळमार्गी माणसाला या लोकांनी समजलंय तरी काय!

१ फेब्रुवारी, रविवार

आज रविवार आणि वर पौर्णिमा. नाथाला विचारायला याहून चांगला दिवस नाही. पुन्हा कौल लावला.

या वेळी प्रश्न नीट तयार करून गेलो होतो. गेल्या खेपेला मोघम विचारलं, तिथंच चुकलं. आज विचारलं, "नाथा, हे अंग तुझ्या सेवेचं आहे. त्याला सुरी लागू नये अशी तुझी मर्जी असेल तर उजवी दे." विजयमालानं सकाळीच समई घासून जागेवर ठेवली होती. तेल काठोकाठ, पाचही वाती पेटवलेल्या. भरली समई हलवली की तेल सांडतं आणि देवापुढं तेल सांडणं बरं नव्हे. तशीच राहू दिली.

बसून राहिलो. उजवी पडली.

डोकं टेकवलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. नाथ आपल्या माणसाला सांभाळतो. घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या. किती दिवसांनी भूक लागली होती.

२ फेब्रुवारी, सोमवार

खडकीला जाऊन आलो. वाटेत शब्द जुळवत होतो, पण फार बोलावं लागलं नाही. शंभू डायलिसिसहून नुकताच आला होता, पलंगावर पडून होता. मी म्हणालो, नाथाचा नकार आला. तो कोपरावर टेकून उठला. मग म्हणाला, "नाथाचा शब्द तो. तू मनाला लावून घेऊ नको, दादा." उलट मलाच समजावलं. म्हणाला, सरकारी यादीत नाव आहे, येईल कधीतरी नंबर.

रत्नानं चहा आणला, कप ठेवला आणि आत गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. परवा पाया पडत होती. माणसं ही अशी. नाथच नाही म्हणाला तर मी काय करू?

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. रांग रस्त्यापर्यंत. लिहायला सवड नाही. शंभू दर वर्षी येतो, आला नाही.

८ मार्च, रविवार

ऋतुजा आली होती. शंभूची एकुलती एक. कर्वेनगरला कॉलेजात आहे. लहान असताना सगळ्या सुट्ट्या इथंच काढायची, विजयमालानं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलंय. आल्या आल्या काकूच्या गळ्यात पडली, मग मला म्हणाली, चला देवळात.

पायरीवर बसून म्हणाली, "काका, मी डोनर होणार आहे. बाबा अजिबात ऐकत नाहीत, डॉक्टरपण टाळतायत, म्हणे एवढी लहान मुलगी नको. पण बाबा नाथाचं ऐकतात. माझ्यासाठी कौल लावा ना."

मी म्हणालो, अगं, तुझं लग्न व्हायचंय, आयुष्य पडलंय. तुला भीती नाही वाटत?

"वाटते ना. जाम वाटते. पण म्हणून बाबांना असंच जाऊ देऊ? मी माझं करते, पुढचं नाथ बघेल."

रोज मी लोकांना ऐकवतो ते वाक्य. पोरगी मलाच ऐकवत होती आणि तिच्या तोंडी ते खरं वाटत होतं. मला तिचा रागच आला.

ती उंबऱ्याशी उभी राहिली. मी पाकळ्या भिजवल्या. हात आपोआप समईकडे गेला, उचलून मधे ठेवली. भरलेली होती, पण तेलाचा थेंब सांडला नाही. पाकळ्या लावल्या, तिचा प्रश्न सांगितला. कुठली पडावी असं मला वाटत होतं ते इथं लिहिणार नाही.

कुठलीच पडली नाही. पोरगी हात जोडून उभी, पाय दुखले तशी खाली बसली. पाकळ्या जिथल्या तिथं. शेवटी तिला निघायचं होतं. म्हणाली, याचा अर्थ काय? मी म्हणालो, नाथ कधी कधी बोलत नाही. ती म्हणाली, तुमच्या वेळी मात्र बोलला. मी मान हलवली.

संध्याकाळी आरतीला गेलो तेव्हाही दोन्ही पाकळ्या नाथाच्या छातीवर तशाच होत्या. मीच काढून टाकल्या.

१५ मार्च, रविवार

शंभूनं बोलावलं म्हणून खडकीला गेलो. तोंड सुजलंय. हातातली शीर निकामी झाली म्हणून मानेत नळी घातलीय, त्यावर पट्टी. टीव्हीवर मॅच लावली होती. रत्ना आत गेल्यावर त्यानं आवाज बारीक केला.

"दादा, ऋतू सांगत होती, तू तिच्या कौलाला समई उजवीकडून मधे घेतलीस."

"हो. आबांची रीतच आहे ती."

"रीत आहेच. तुझ्या कौलाला कुठं होती?"

"मधेच होती," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग "मग झालं," म्हणाला आणि मॅचचा आवाज वाढवला. आम्ही उरलेली मॅच बघितली. कोण जिंकलं ते आत्ता लिहिताना आठवत नाही.

आजारी माणसाला नसत्या शंका येतात. 'मधेच' म्हणालो ते त्याच्या जिवाला शांतता मिळावी म्हणून. पहिल्या कौलाला समई मधेच होती, म्हणजे अगदी खोटंही नाही.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी उभारली. श्रीखंड गिळवेना. विजयमाला म्हणाली, ऊन लागलं असेल.

२९ मार्च, रविवार

आज एकामागून एक कौल. नोकरी बदलू का, फ्लॅट घेऊ का, मुलगा बघायला जाऊ का. प्रत्येकाला समई मधे घेतली. लोकांच्या वेळी माझा हात चुकत नाही.

नाथासमोर एकटा बसायचं मी हल्ली टाळतो. पूजा उरकतो आणि बाहेर येतो. पूर्वी दुपारी गाभाऱ्यात फरशीवर पडायचो, गार वाटायचं, झोपही लागायची. आता मान वर केली की ते डोळे. चांदीचे डोळे आहेत, आमच्याच पणजोबांनी बसवलेले, हे मला ठाऊक आहे. तरीपण.

६ एप्रिल, सोमवार

शंभूला दवाखान्यात ठेवलंय. थंडी वाजून ताप. ऋतुजाचा फोन होता. नेहमीसारखी बडबड नाही, दोनच वाक्यं बोलली. मी म्हणालो, यात्रा तोंडावर आहे, झाली की येतो. ती म्हणाली, "या सवडीनं."

१० एप्रिल, शुक्रवार

यात्रा. सगळं लिहायला हवं, नाहीतर उद्या मीच ते फिरवीन.

सकाळी नाथाला पोशाख चढवला, मुखवटा पालखीत ठेवला. पालखीचा पुढचा दांडा एका बाजूनं माझा, दुसऱ्या बाजूनं शंभूचा. आम्ही मिसरूड फुटल्यापासून असंच. आज त्याच्या जागी दुसऱ्याच कुणीतरी खांदा लावला. त्याची उंची जास्त, त्यामुळे दांडा माझ्या बाजूला कलला आणि सगळा भार माझ्यावर आला. मी तसाच उभा. ढोल सुरू झाले, लोकांनी भंडारा उधळला, 'भैरवनाथाच्या नावानं चांगभलं' झालं. मुखवटा अगदी माझ्या कानाशी आला होता. आणि मला स्वच्छ कळलं, की पहिलाच कौल खरा होता. कळलं असं म्हणतो, पण ते मला त्याच दिवशी कळलं होतं. नाथ एकदाच बोलला आणि स्पष्ट बोलला. पुढचं सगळं माझंच.

मी दांडा शेजारच्याच्या खांद्यावर दिला आणि निघालो. आप्पासाहेब, देवस्थानचे अध्यक्ष, धावत आले. "महिपती, गुरव निघाला तर पालखी कशी हलायची? येडा हाय का तू?" मी म्हणालो, नाथाची पालखी आहे, नाथ बघेल. अंगावर भंडारा तसाच, पायांत चप्पल नाही, रिक्षात बसलो. भीती होती, पण ती माझ्या शेजारी बसून आली, मला धरून बसली नव्हती. मरायचं तर मरू, पण शंभू जगेल, असं मी खरंच म्हणत होतो. कुणाला विचारलं नव्हतं. पहिल्यांदाच.

डॉक्टर बाहेरच भेटले. मी त्यांना म्हणालो, मी तयार आहे, आज घ्या, आत्ता घ्या. त्यांनी मला बाकावर बसवलं. म्हणाले, मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेलेत, हृदयाच्या झडपेपर्यंत पोचलेत. या अवस्थेत ऑपरेशन होणार नाही. दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर गोष्ट वेगळी होती.

आता लिहायचं ते हे. 'ऑपरेशन होणार नाही' हे ऐकलं आणि माझ्या अंगातून काहीतरी सुटलं. हलकं वाटलं. भाऊ मरतोय असं सांगत होते आणि पहिल्या क्षणाला मला हलकं वाटलं. दुसऱ्या क्षणाला वाईट वाटलं, पण तो दुसरा क्षण होता.

रत्ना औषध आणायला खाली गेली होती. आत गेलो. शंभूनं माझ्या कपड्यांवरचा भंडारा पाहिला. म्हणाला, "पालखी सोडून आलास?" मी हो म्हणालो. मग त्याच्या कॉटचा गज धरून सांगून टाकलं. समई उजवीकडेच होती. प्रश्नही मी फिरवून विचारला. पहिला कौल होकाराचा होता. नाथानं नकार दिलाच नव्हता, नाथाला बोल लावू नको.

त्याला धाप लागत होती. थांबत थांबत बोलला.

"नाथाला कशाला बोल लावू? मी त्याला विचारलंच नव्हतं, दादा. तुला विचारलं होतं."

मग डोळे मिटले. मी हात धरला, त्यानं काढून घेतला नाही. धरलाही नाही.

१२ एप्रिल, रविवार

शंभू गेला. सकाळी.

१६ एप्रिल, गुरुवार

सुतक. देवळात मामेभाऊ पूजा करतोय. मला पायरी चढता येत नाही. विजयमाला म्हणते, बरंच झालं, तेवढीच विश्रांती. मग स्वतःच तोंडात पदर कोंबून रडते. शंभूला ती दर भाऊबीजेला ओवाळायची.

मी ठरवलंय. रत्नाला सांगायचं. दहाव्याला सगळ्यांसमोर सांगायचं. जे होईल ते होईल. ती दारात उभं करणार नाही, गाव थुंकेल, देवस्थान पूजा काढून घेईल. घेऊ दे. नाथाला माहीत आहे, शंभूला माहीत होतं. आता लपवून कुणापासून वाचायचं?

२१ एप्रिल, मंगळवार

दहावा. शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या घाटावर. ऊन कडक. क्वार्टर्समधली माणसं, गावची माणसं, आप्पासाहेब, सगळे होते. रत्ना सावलीला बसली होती, ऋतुजा तिला टेकून. विधी ऋतुजानंच केला, कुणी नाक मुरडलं नाही.

पिंड मांडला आणि सगळे मागं सरले. मी पुढं उभा. मनात पक्कं होतं, की कावळा शिवणार नाही. कसा शिवेल? शंभूचं अडकलंय ते माझ्यापाशी. कावळा घुटमळेल, लोक कुजबुजतील, कुणीतरी म्हणेल, काय राहिलंय त्याचं मनात, बोला. तेव्हा मी बोलणार होतो. वाक्यं पाठ केली होती. पहिलं वाक्य होतं, 'रत्ना, कौल होकाराचा होता.'

तोंड उघडलंसुद्धा नव्हतं. कावळा सरळ खाली आला, भाताला चोच लावली आणि गेला.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. आप्पासाहेब म्हणाले, समाधानानं गेला, काही मागं ठेवलं नाही त्यानं. खरंच नव्हतं ठेवलं. त्याला माझ्याकडून काहीच नको होतं.

माणसं उठली, चपला शोधायला लागली. रत्ना माझ्याजवळ आली. दोन महिने माझ्याशी धड बोलली नव्हती. डोळे सुजलेले. मला आत्ता वाटतं, तिला कुणीतरी आपलं हवं होतं, बाकी काही नाही. हात जोडून म्हणाली, "दादा, मी तुमच्यावर राग धरला. चुकलं माझं. नाथाच्याच मनात नव्हतं, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

ऋतुजा मागं उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत आहे की नाही, मला सांगता येत नाही. घाट जवळजवळ रिकामा झाला होता. रत्ना वाट बघत होती.

मी म्हणालो, "हो. नाथाच्या मनात नव्हतं."